जुनी छोटी गाडी घेताय? आधी चॅसी नंबर मागा

गेल्या वर्षी चार महिने माझे शनिवार-रविवार जुन्या गाड्या बघण्यात गेले. पुण्यात कोथरूड ते हिंजवडी रोज बसने जाऊन दमले होते, शिवाय बाबांना महिन्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागायचं. बजेट चार-साडेचार लाखांचं, म्हणजे छोटी हॅचबॅक, तीही सेकंड हँड. अकरा गाड्या पाहिल्या, बारावी घेतली. आता ऑफिसमध्ये कोणी गाडी बघायला निघालं की मला फोन येतो. प्रत्येकाला तेच सांगते, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते आहे.

सगळे सुरुवात गाडी बघण्यापासून करतात. तुम्ही नंबरांपासून करा. गाडी एकदा डोळ्यात भरली की माणूस कागदांकडे दुर्लक्ष करतो. माझंही तेच झालं होतं.

१. मॉडेल ठरवताना गॅरेजवाल्याला विचारा

दोन-तीन मॉडेलं मनात धरा आणि तुमच्या भागातल्या, कोणत्याही एका कंपनीशी बांधलेल्या नसलेल्या गॅरेजमध्ये जा. "ही गाडी चांगली आहे का?" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. "या गाडीचं तुमच्याकडे काय काय काम येतं?" असं विचारा. मग खरी माहिती निघते: कुणाचा स्टिअरिंग रॅक वाजतो, कुणाचा एसी कॉम्प्रेसर जातो, कुणाचं सस्पेन्शन आपल्या स्पीड ब्रेकरांपुढे टिकत नाही.

पार्ट मिळतात का, हेही बघा. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस शेवरलेच्या गाड्या भारतात विकणं बंद केलं; त्यांचा कारखाना आपल्या तळेगावातच होता. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवण्याचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ मध्ये गेली. या गाड्या स्वस्तात मिळतात आणि त्यातल्या काही चालवायला खरंच छान आहेत. पण आधी नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दोन दुकानांत हेडलाइट, क्लच प्लेट आणि पुढच्या काचेचा भाव विचारून या. पार्टसाठी आठ-आठ दिवस थांबावं लागणार असेल, तर रोज ऑफिसला जाणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

डिझेलबद्दल एकच सांगते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम लागू झाला आणि छोट्या डिझेल गाड्या जवळजवळ संपल्या. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टर रोजच्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत तुंबतो. शहरातल्या शहरात फिरणार असाल तर पेट्रोल घ्या.

२. आरसीचा फोटो मागवा, मगच भेटायला जा

विकणाऱ्याला पहिल्याच फोनवर आरसीच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राच्या, दोन्ही बाजूंचा फोटो मागा. "काका, कागद बघून मग येते, तुमचाही वेळ वाचेल," असं सरळ म्हणा. खरा मालक सहसा देतो. "आधी गाडी बघा, कागद कुठे पळतायत?" म्हणणाऱ्यांकडे मी गेलेच नाही.

गाडीचा नंबर एम-परिवहन अॅपमध्ये किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर टाकलात की नोंदणीची तारीख, इंधन, इन्शुरन्स आणि पीयूसीची मुदत, गाडीवर कर्जाची नोंद आहे का, मालक कितवा हे दिसतं. तिथे मालकाचं नाव आणि चॅसी नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला तिचा ओळख क्रमांक) अर्धवट झाकलेले असतात. पूर्ण चॅसी नंबर आरसीवरच मिळतो आणि आपल्याला तोच हवा आहे.

आरसीवर एक गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटते: बनावटीचा महिना आणि वर्ष. फेब्रुवारी २०२० मध्ये नोंदणी झालेली गाडी ऑक्टोबर २०१९ मध्ये बनलेली असू शकते. विकणारा तिला "वीसची गाडी" म्हणतो. भाव ठरवताना हा फरक लागतोच, पण रिकॉल (म्हणजे काय ते पुढे सांगते) शोधताना तर सगळं या बनावटीच्या तारखेवरच ठरतं.

३. रिकॉल शोधा

हा टप्पा बहुतेक लोक गाळतात, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

गाडी विकून झाल्यावर कंपनीला एखाद्या भागात दोष सापडतो. मग ठरावीक तारखांदरम्यान बनलेल्या गाड्या परत बोलावून तो भाग तपासून, लागला तर बदलून देतात. यालाच रिकॉल म्हणतात. पार्ट आणि मजुरी दोन्ही फुकट. भारतात वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छेने रिकॉल करण्याची पद्धत सुरू केली. मग मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकारला सक्तीने रिकॉल करायला लावता येऊ लागलं. हा सक्तीचा नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू होतो.

प्रत्यक्षात काय असतं, ते उदाहरणाने सांगते. जुलै २०२० मध्ये मारुतीने इंधनपंपासाठी १,३४,८८५ गाड्या बोलावल्या: १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ मध्ये बनलेल्या एक लिटर इंजिनच्या वॅगन-आर आणि ८ जानेवारी ते ४ नोव्हेंबर २०१९ मधल्या पेट्रोल बलेनो. जुलै २०२३ मध्ये एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या, स्टिअरिंगच्या टाय रॉडमधल्या संभाव्य दोषासाठी. होंडाने २०२४ च्या अखेरीस जुन्या ब्रिओ, अमेझ, जॅझ, सिटी वगैरे धरून ९०,४६८ गाड्या इंधनपंपासाठी बोलावल्या. आज सेकंड हँड बाजारात बघाल तर हीच मॉडेलं समोर येतात. इंधनपंप बिघडला तर इंजिन चालता चालता बंद पडू शकतं, आणि नवले पुलाच्या उतारावर मागे ट्रक असताना ते काय असेल याचा विचार करा. टाकाटा या कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण तर जगभर गाजलं. त्यांच्या इन्फ्लेटरमधलं, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागातलं, रसायन उष्णता आणि दमट हवेने वर्षानुवर्षं खराब होत जायचं आणि एअरबॅग उघडताना धातूच्या नळकांड्याचे तुकडे उडायचे. होंडाच्या जुन्या सिटी आणि जॅझसारख्या गाड्यांवर भारतातही त्याची रिकॉल झाली आहेत.

रिकॉल झालं म्हणजे गाडी वाईट, असं नाही. काम झालेलं असेल तर उलट एक नवा पार्ट बसलेला असतो. खरी अडचण वेगळीच आहे. रिकॉलचा फोन किंवा मेसेज कंपनीच्या नोंदीत असलेल्या मोबाइलवर जातो, म्हणजे बहुधा पहिल्या मालकाकडे. त्याने गाडी विकलेली असते, तो मेसेज पुसून टाकतो. दुसऱ्या मालकाला काही कळतच नाही.

शोधायचं असं:

- कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेनचं पान असतं. तिथे १७ अक्षर-अंकांचा चॅसी नंबर टाका. मारुतीचे बरेच नंबर "एमए३" ने सुरू होतात आणि त्यापुढे १४ अक्षर-अंक असतात. शून्य आणि ओ यांत गोंधळ करू नका. चॅसी नंबरात ओ आणि आय ही अक्षरं वापरतच नाहीत.
- मग अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन किंवा फोन करून तोच नंबर द्या आणि दोन वेगळे प्रश्न विचारा: "या गाडीवर कोणतं रिकॉल आहे का?" आणि "ते काम झाल्याची नोंद आहे का?" पहिल्याचं उत्तर हो आलं की लोक घाबरून तिथेच थांबतात. दुसरं विचारायला विसरू नका.
- सियामच्या संकेतस्थळावर कंपन्यांनी कळवलेली रिकॉल बघायला मिळतात. त्यात तुमचं मॉडेल आणि बनावटीचा महिना ताडून पाहा.

मी घेतलेल्या गाडीवर एक रिकॉल बाकी निघालं. विकणाऱ्या ताईंना पत्ताच नव्हता, त्या स्वतः दुसऱ्या मालक होत्या. मी म्हटलं, "ताई, टोकन देते, पण हे काम तुमच्या नावावर असतानाच करून घेऊ." दोघी मिळून सर्व्हिस सेंटरला गेलो. एका दुपारचं काम, बिल शून्य रुपयांचं. ते बिल मी अजून गाडीच्या कागदांत ठेवलं आहे. तुम्हीही काम झाल्याचा कागद मागून घ्या, नुसत्या "झालंय मॅडम" वर समाधान मानू नका.

४. सर्व्हिसची नोंद आणि इन्शुरन्स एकमेकांशी ताडून पाहा

अधिकृत सेंटरकडे प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि त्या दिवशीचं किलोमीटर रीडिंग असतं. ते मालकाच्या समोर किंवा त्याच्या संमतीने मागा. २०२१ मध्ये ४८,००० आणि आज मीटरवर ४१,००० असेल तर पुढे बोलायचं काही उरत नाही. मीटर मागे फिरवणं सोपं असतं, पण झिजलेलं पेडलचं रबर, गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग आणि बसलेली ड्रायव्हर सीट लपत नाही.

इन्शुरन्स पॉलिसीवर नो क्लेम बोनसचा टक्का बघा. क्लेम न केल्यास तो २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत वाढतो. क्लेम केला की सहसा शून्यावर येतो. एकाच मालकाची सहा वर्षांची गाडी, बोनस शून्य आणि मालक म्हणतो "एक ओरखडासुद्धा नाही", तर क्लेम कशाचा घेतला होता ते विचारा. अधूनमधून खरं कारण असतं. पॉलिसी मध्येच खंडित झाली, किंवा बोनस जपणारं जादा कव्हर घेतलं होतं, तर टक्क्यावरून अंदाज चुकतो. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. तो तुम्हाला मिळणार नाही, हिशेबात धरू नका.

५. गाडी सकाळी, थंड असताना बघा

"मी येईपर्यंत गाडी चालू करू नका," असं सांगून ठेवा आणि गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर स्टार्टिंगचा त्रास लपवायला आधीच चालू करून ठेवलेली असू शकते.

बॉनेटच्या आत दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके ठरावीक अंतरावर दिसतात. एका बाजूला ठिपके आणि दुसऱ्या बाजूला सपाट, नवा रंग असेल तर तिथला पत्रा बदललेला आहे. बंपर आणि दार रंगवलेलं असणं पुण्यात अगदी साधी गोष्ट आहे, त्यावरून गाडी नाकारू नका. पण अॅप्रन (बॉनेटच्या आतले बाजूचे पत्रे), पिलर (छत पेलणारे दारांमधले खांब) किंवा छताचं काम झालेलं असेल तर सोडून द्या. अपघातात धक्का झेलणारी ताकद तिथेच असते. सगळ्या काचांवरचे बनावटीचे वर्ष आणि टायरवरचा चार आकडी शिक्काही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

आता पाण्यात बुडालेल्या गाड्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वर, सहकारनगर भागातल्या गाड्या वाहून गेल्या. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत पार्किंग बुडाली. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीतही तेच झालं. त्यातल्या कित्येक गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात.

धायरीजवळच्या एका सोसायटीत मी एक पांढरी हॅचबॅक पाहिली होती. रंग चकचकीत, सीट कव्हर नवी, मालक सभ्य गृहस्थ, चहासुद्धा झाला. बाबांनी सहज डिकीतली चटई उचलली आणि स्टेपनी बाहेर काढली. खालच्या खोबणीत बोट फिरवलं तर मऊ, पिवळसर गाळ लागला, कडेला वाळून त्याचे पापुद्रे झाले होते. मग मी सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर आडवी तपकिरी रेघ होती. पुढच्या सीटखालच्या रुळांवर गंज. काकांनी गाडी आठ महिन्यांपूर्वीच घेतली होती आणि त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, त्यांचीही फसवणूकच झाली असावी. तुम्हीही या तीन जागा बघा: स्टेपनीची खोबण, सीट बेल्टचं शेवटचं टोक, सीटचे रूळ. एसी बंद ठेवून दार लावा आणि वास घ्या. नवा सुगंधी डबा टांगलेला असेल तर तो आधी काढायला सांगा.

६. एअरबॅग खरोखर आहेत का?

१ जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, त्याच वर्षी एप्रिलपासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा. शेजारच्या सीटची एअरबॅग आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांना २०२१ च्या अखेरपर्यंत लावायची होती. म्हणजे त्याआधीच्या गाड्यांत व्हेरियंटनुसार दोन, एक किंवा एकही नसते. व्हेरियंट कोणता, हे आरसीवरून पक्कं करा.

किल्ली फिरवल्यावर, इंजिन चालू होण्याआधी, डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड आहे. मुळीच लागला नाही तर अधिक सावध व्हा: एअरबॅग एकदा उघडून गेली असेल आणि नवी बसवण्याचा खर्च टाळायला दिवाच काढून टाकला असेल. गॅरेजवाल्याकडून ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून एअरबॅग युनिटचेही कोड वाचून घ्या, फक्त इंजिनचे नकोत.

गाड्या आदळवून सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेचे निकालही बघा. टाटा टियागोला २०२० मध्ये चार तारे होते, स्विफ्टला २०१८ मध्ये दोन, एस-प्रेसोला २०२० मध्ये शून्य. माझ्या घरात या आकड्यांवरून बराच वाद झाला. माझं मत स्पष्ट आहे: बाबांना शेजारी बसवून मला हायवेला जायचं होतं, म्हणून दोन एअरबॅग नसलेली गाडी मी स्वस्त असूनही घेतली नाही.

७. चालवून बघा

सोसायटीभोवतीची एक फेरी म्हणजे टेस्ट ड्राइव्ह नाही. निदान अर्धा तास चालवा. चांदणी चौकाचा किंवा कात्रज घाटाचा चढ एसी लावून चढा. एखाद्या खडबडीत गल्लीत काचा वर करून, रेडिओ बंद ठेवून हळू चालवा आणि खालून खडखड येते का ऐका. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, ब्रेक जोरात दाबा. गाडी एका बाजूला ओढता कामा नये.

पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा क्लच दाबून सगळे चालवतात, त्यामुळे क्लच तपासाच. सपाट जागेवर हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सावकाश सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. घुरघुरत राहिलं तर क्लच घसरतोय, तेवढे पैसे भावातून कमी करा. एएमटी (क्लच पेडल नसलेली, आपोआप गिअर बदलणारी गाडी) असेल तर चढावर थांबून पुन्हा निघताना किती मागे येते, झटके देते का, ते बघा.

सीएनजी असेल तर कीटची नोंद आरसीवर हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी, झालेली हवी.

८. हे कागद जमवा

- मूळ आरसी, आधार-पॅन (दोघांचे), पत्त्याचा पुरावा, फोटो
- चालू इन्शुरन्स आणि पीयूसी
- नाव बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३०, लोक यांनाच टीटी फॉर्म म्हणतात
- कर्ज होतं तर बँकेची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५
- दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८, म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी
- दोन्ही किल्ल्या, सर्व्हिसची बिलं, रिकॉलचं काम झाल्याचा कागद

दुसऱ्या राज्यातल्या गाड्यांबद्दल सावध करते. पुण्यात नोकरीनिमित्त आलेल्या लोकांच्या, शिवाय दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेलवर निर्बंध आल्यामुळे इकडे आणलेल्या गाड्या खूप दिसतात. भाव कमी असतो, पण महाराष्ट्राचा रोड टॅक्स तुम्हाला नव्याने भरावा लागतो. तो धरून हिशेब करा, मग बहुतेक वेळा स्वस्ताई उरत नाही.

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बाकी दंड बघा आणि तो विकणाऱ्यालाच भरायला सांगा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदवलेली असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावलेली आहे ना, तेही बघा. नसेल तर आरटीओचं काम अडतं.

९. पैसे आणि नाव

टोकन द्या, पण चॅसीवर कोरलेला नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवून. तो कुठे कोरलेला असतो हे मॉडेलनुसार बदलतं; गॅरेजवाल्याला विचारून घ्या. बाकी रक्कम बँकेतून द्या आणि काही हिस्सा नाव बदलेपर्यंत राखून ठेवा. हे आधीच बोलून, लिहून घ्या. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ दोघांच्या सहीनिशी कागदावर हवी, म्हणजे कॅमेऱ्याचं चलन कुणाचं यावर भांडण होत नाही.

"नाव नंतर करू" याला कधीच हो म्हणू नका. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत हस्तांतरण कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो. विकणारा टाळाटाळ करत असेल तर त्याला सांगा, की आरटीओच्या नोंदीवर ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं आहे. हे ऐकल्यावर लोक स्वतःहून घाई करतात. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर होतो. एमएच १२ चं काम संगम पुलाजवळच्या आरटीओकडे, एमएच १४ चं पिंपरी-चिंचवडच्या आरटीओकडे. इन्शुरन्सही १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला घ्या, आणि विकणाऱ्याचा फास्टॅग काढून स्वतःचा लावा.

नवी आरसी हातात आली की आणखी एक काम उरतं, पाच मिनिटांचं. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा आणि त्या चॅसी नंबरासमोर तुमचं नाव आणि मोबाइल नोंदवून घ्या. पुढच्या वेळी त्या गाडीवर रिकॉल निघालं तर फोन तुम्हाला यायला हवा.